मुंबई पहिल्यांदा बघताय? बंदराच्या बाजूने सुरुवात करा

परभणी, अकोला किंवा जळगावहून मुंबई बघायला आलेला पाहुणा साधारण काय बघून परत जातो? जुहू चौपाटी, हाजी अली, सिद्धिविनायक, एखाद्या नटाचा बंगला बाहेरून, आणि शेवटी दादरची खरेदी. त्यात वाईट काही नाही. पण या यादीतला समुद्र सगळा पश्चिमेचा, उघड्या अरबी समुद्राचा. ज्या पाण्यामुळे मुंबई मुंबई झाली ते पूर्वेला आहे. बेट आणि पलीकडची उरण-पनवेलची जमीन यांच्यामध्ये ते लाटावाऱ्यांपासून आडोशाला पडलेलं आहे. १६६१ च्या विवाहाच्या करारात पोर्तुगिजांनी हे बेट इंग्रज राजाला दिलं आणि राजाने १६६८ मध्ये ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. कंपनीला चौपाटीशी देणंघेणं नव्हतं, तिला हे बंदर हवं होतं.

तीन-चार दिवस हातात असतील, तर त्यातले निदान दीड-दोन दिवस या पूर्वेच्या बाजूला द्या. बाकीचं संध्याकाळी उरकतं. आता क्रमाने सांगतो.

निघण्याआधी: महिना, वार आणि तिथी

महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबर फसवा असतो. पाऊस गेलेला असतो, पण उकाडा मे महिन्यासारखाच. मे महिन्यात विदर्भाइतका पारा चढत नाही हे खरं, पण घाम अंगावरून हटत नाही, आणि कोरड्या उन्हाची सवय असलेला माणूस या दमट हवेत जास्त लवकर थकतो. पावसाळ्यात मुंबई सुंदर दिसते, पण पहिल्या खेपेला नको. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच तेव्हा बंद असतात, घारापुरीचाही भरवसा नसतो आणि लोकल कधी थांबेल ते सांगता येत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तसा दिवस रोज येत नाही, पण मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की सखल भागात पाणी साचतंच.

वार नीट बघा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि शेजारची राणीची बाग बुधवारी बंद. रविवारी लोकलला गर्दी कमी, पण त्याच दिवशी रुळांच्या कामासाठी मेगाब्लॉक असतो आणि दुपारी गाड्या कमी धावतात. कोणत्या मार्गावर आहे ते आदल्या दिवशीच्या पेपरात येतं. सिद्धिविनायकाला मंगळवार टाळा, अर्थात मंगळवारीच जायचा नेम असेल तर प्रश्नच मिटला. आणि ६ डिसेंबरच्या आसपास दादरला फक्त चैत्यभूमीसाठीच या. पर्यटनाचा बेत त्या दिवसांत ठेवू नका.

तिथी बघायची ती भरतीसाठी. कोकणात आणि कोळीवाड्यांत एक जुना हिशोब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तेवढे वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढेमागे. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला तेवढं पुरतं. अमावास्या-पौर्णिमेला भरती मोठी आणि ती भर दुपारी येते, तेव्हा हाजी अलीची वाट पाण्याखाली जाते. म्हणजे पौर्णिमेच्या दिवशी दुपारी बाराला तिथे पोचलात, तर काठावर उभं राहून बघावं लागेल. त्याच दिवशी सूर्यास्ताला मात्र ओहोटी असते आणि जुहूची वाळू लांबपर्यंत उघडी मिळते.

कुठे उतरायचं, कुठे राहायचं

गाडी निवडताना ती मुंबईत कुठे थांबते ते बघा. सेवाग्राम, विदर्भ, देवगिरी, तपोवन या गाड्या सीएसएमटीला येतात आणि वाटेत दादरला थांबतात. उत्तर भारताकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या लोकमान्य टिळक टर्मिनसला संपतात. त्याला लोक कुर्ला टर्मिनस म्हणतात, पण ते कुर्ला स्टेशन नव्हे. चालत जवळचं स्टेशन हार्बर मार्गावरचं टिळकनगर.

राहायला नातेवाईक असतील तर उत्तमच, पण ते बहुधा डोंबिवलीला, विरारला किंवा पनवेलला असतात. तिथून रोज सकाळी मुंबईत यायचं म्हणजे नोकरदारांच्या गर्दीतून यायचं. तीन दिवसांसाठी दादर किंवा सीएसएमटीच्या जवळपास लॉज घेतलं तर पैसे जातात, पण रोजचे दोन-तीन तास वाचतात. मला विचाराल तर दादर. मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्ग तिथे मिळतात, खायला मराठी खाणावळी आहेत आणि रात्री रस्त्यावर वर्दळ असते. लॉज ठरवताना दोन गोष्टी विचारा: चेकआउट चोवीस तासांचं की ठरावीक वेळेचं, आणि लिफ्ट आहे का. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं आधारकार्ड जवळ ठेवा. आमदाराचं पत्र आणून आमदार निवासात उतरायची जुनी रीत अजून आहे, पण खोली मिळेलच असं धरून निघू नका.

खोली मिळायला वेळ असेल, तर सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतं. बॅगेला कुलूप असावं लागतं आणि रेल्वेचं तिकीट दाखवावं लागतं. पिशव्या आणि गोणी घेत नाहीत, हे आईला आधीच सांगा.

लोकल

लोकलची भीती घालणारे खूप भेटतील. भीती बाळगायचं कारण नाही, पण वेळ आणि दिशा कळली पाहिजे. सकाळी आठ ते अकरा सगळी मुंबई दक्षिणेकडे जाते, संध्याकाळी पाच ते नऊ उत्तरेकडे परतते. उलट दिशेची गाडी त्याच वेळी बरीच मोकळी असते. दादरला राहून संध्याकाळी सहाला चर्चगेटकडे गेलात तर बसायला जागा मिळेल. त्याच वेळी चर्चगेटहून बोरिवलीला निघालात तर पाय ठेवायलाही मिळणार नाही.

मार्ग मुख्य तीन. पश्चिम: चर्चगेट ते विरार आणि पुढे डहाणू. मध्य: सीएसएमटी ते कल्याण, तिथून एक फाटा कसाऱ्याला, दुसरा कर्जत-खोपोलीला. हार्बर: सीएसएमटीहून पनवेल, आणि एक फाटा गोरेगावला. दादरला फलाटांचे क्रमांक आता सलग आहेत, १ ते ७ पश्चिमेचे आणि ८ ते १४ मध्यचे. त्यामुळे पूर्वीचा ‘कोणता एक नंबर?’ हा घोळ मिटला.

तिकीट मोबाइलवर निघतं, यंत्रावर निघतं, खिडकीवरही मिळतं. दुसऱ्या वर्गाचं किमान भाडं ५ रुपये. मोबाइलवरचं तिकीट स्टेशनात शिरण्याआधी काढा, आत गेल्यावर ते निघेलच असं नाही. दिवसभर हिंडायचं असेल तर एक, तीन किंवा पाच दिवसांचा टुरिस्ट पास खिडकीवर मागा. एसी लोकलचं तिकीट वेगळं असतं. साधं तिकीट घेऊन थंडाव्याला आत शिरलात तर दंड होतो.

फलाटावरच्या इंडिकेटरवर गाडी कुठे जाणार, स्लो की फास्ट आणि डबे किती हे दिसतं. स्लो सगळीकडे थांबते. नवख्याने शक्यतो स्लोच धरावी, वीस मिनिटं जास्त लागतील पण स्टेशन चुकणार नाही. आणि अंधेरी-बोरिवलीला उतरायचं असेल तर संध्याकाळी विरार फास्टमध्ये चढू नका. विरारचे प्रवासी दारात तुमच्या आधीपासून उभे असतात आणि मध्ये उतरणाऱ्याबद्दल त्यांना फारसं प्रेम नसतं.

उतरण्याच्या एक स्टेशन आधी दाराकडे सरका. समोरच्याला विचारा, ‘दादरला उतरणार का?’ आणि ‘फलाट कोणत्या बाजूला येणार?’ मुंबईकर घाईत असला तरी या दोन प्रश्नांची उत्तरं देतोच. आपली पाठीवरची बॅग पोटावर घ्या.

सहकुटुंब असाल तर एक नियम घरून निघतानाच ठरवा. बायका महिलांच्या डब्यात, पुरुष साध्या डब्यात चढले की मध्ये दोन-चार डब्यांचं अंतर पडतं. कोणत्या स्टेशनला उतरायचं आणि फलाटावर कुठे भेटायचं (पुलाच्या जिन्याखाली ही खूण बरी) हे सगळ्यांना पाठ हवं. एखादा चुकून मागे राहिला, तर पुढे गेलेल्याने ठरल्या स्टेशनवरच थांबायचं आणि मागच्याने पुढची गाडी धरायची. दोघंही एकमेकांना शोधायला निघाले की संध्याकाळ गेली.

लोकलशिवाय आता भुयारी मेट्रोही आहे, आरेपासून कफ परेडपर्यंत, ३३.५ किलोमीटर. ऑक्टोबर २०२५ पासून ती पूर्ण सुरू झाली. सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट आणि विधान भवन ही स्टेशनं तिच्यावर आहेत, त्यामुळे वयस्क माणसं बरोबर असतील तर दक्षिण मुंबईत हीच सोयीची. रिक्षा वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला येत नाही, तिथे काळीपिवळी टॅक्सी. फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचं किमान भाडं ३१ आणि रिक्षाचं २६ रुपये आहे. मीटर टाकायला सांगा, इथे ते गैर मानत नाहीत.

पहिला दिवस: पाण्यावर

सकाळी नऊच्या आत गेटवे ऑफ इंडियाला पोचा. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. पंचम जॉर्जच्या १९११ च्या भेटीची आठवण म्हणून पाया घातला तो १९१३ मध्ये, आणि कमान पूर्ण झाली १९२४ मध्ये. म्हणजे ज्याच्यासाठी बांधली त्याला ती मिळालीच नाही. २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण मात्र हिच्याखालूनच बोटीत चढली. समोरचं ताज हॉटेल कमानीपेक्षा जुनं, १९०३ चं.

घारापुरीची लाँच इथूनच सुटते. तिकीट परतीचंच असतं, ते सांभाळून ठेवा. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि घाला. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावरच्या लाँचला नौदलाची वेगवान बोट धडकून माणसं गेली, त्यामुळे यात संकोच नको. जाताना डाव्या हाताला बसा. त्या बाजूला नौदलाची गोदी आणि मुंबई बंदराच्या गोद्या ओळीने दिसतात. नौदलाच्या भागाचे फोटो काढायला मनाई आहे. पुढे नांगर टाकून उभी मालवाहू जहाजं, जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या, आणि हवा स्वच्छ असेल तर अटल सेतू आणि न्हावा-शेव्याच्या उंच क्रेन. १९८९ मध्ये न्हावा-शेवा सुरू झाल्यावर कंटेनरचं काम हळूहळू तिकडे गेलं. आपल्याकडचा कापूस, द्राक्षं, कांदा परदेशी निघतो तो बहुतांशी तिथूनच, तेव्हा नाशिक-निफाडच्या माणसाने त्या क्रेनकडे जरा आपुलकीने बघायला हरकत नाही.

तासाभरात घारापुरी. हे बेट मुंबईत नाही, रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात आहे. बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन छोटी गावं आहेत आणि समुद्राखालच्या केबलने कायमची वीज तिथे २०१८ मध्ये आली. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकानं. खरेदी उतरताना करा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्चीची डोली मिळते, भाव आधी ठरवा. माकडं हातातली पिशवी सरळ ओढतात, म्हणून खाण्याचं आत ठेवा. लेण्यांचं तिकीट भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखालच्यांना नाही.

मुख्य लेण्यात उत्तरेकडून शिरलं की समोर दक्षिणेच्या भिंतीत तो सुमारे सहा मीटर उंचीचा सदाशिव. लोक त्याला त्रिमूर्ती म्हणतात आणि ब्रह्मा-विष्णू-महेश समजतात, पण तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. फोटो काढून लगेच निघू नका. डोळे अंधाराला सरावायला पाच मिनिटं द्या, मग मधल्या मुखाचे मिटलेले डोळे आणि डाव्या बाजूच्या भैरवाचा राग वेगळे दिसायला लागतात. शेजारी अर्धनारीश्वर आणि गंगाधर आहेत, दुसऱ्या भिंतींवर कल्याणसुंदर, अंधकासुरवध आणि कैलास हलवणारा रावण. मराठवाड्यातून आला असाल आणि वेरूळचं २९ क्रमांकाचं धुमार लेणं बघितलं असेल, तर खांबांची मांडणी ओळखीची वाटेल. दोन्हींची रचना खरोखरच जवळची आहे. ज्या दगडी हत्तीमुळे पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो मात्र इथे नाही. तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

परतीची शेवटची लाँच किती वाजता हे चढतानाच विचारून घ्या आणि त्याच्या आधीची धरा.

दुसरा दिवस: गोदी आणि कोट

ज्यांना पहाटे उठवतं त्यांनी साडेपाचला ससून डॉक गाठावा. १८७५ चा हा धक्का कुलाब्याला आहे. ट्रॉलर लागतात, टोपल्या उतरतात आणि लिलाव डोळ्यांदेखत संपतो. पायात जुने बूट घाला, पाणी आणि खवले सगळीकडे असतात. वाटेत उभं राहू नका, कोळणी कामात असतात आणि कामात अडथळा आला की त्या स्पष्ट बोलतात. फोटोवर निर्बंध आहेत, विचारूनच काढा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, तेव्हा इथे बघण्यासारखं काही नाही.

मग न्याहारी करून सीएसएमटी. रोज लाखो माणसं ज्या इमारतीखालून धावतात ती १८८८ मध्ये पूर्ण झाली. समोरची महापालिकेची इमारतही त्याच वास्तुविशारदाची, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची. दोन्ही एका नजरेत बघायला रस्त्यापलीकडच्या कोपऱ्यावर उभं राहा. तिथून चालत हुतात्मा चौक, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक. पुढे हॉर्निमन सर्कल आणि एशियाटिकच्या पायऱ्या, ही इमारत १८३३ ची. या भागाला जुनी माणसं अजून कोट म्हणतात, कारण १८६० च्या दशकापर्यंत इथे खरोखरच तटबंदी होती. मग बेलार्ड इस्टेट. रस्ते रुंद, इमारती एका उंचीच्या, आणि दुपारी मुंबईत असूनही बऱ्यापैकी शांत. विलायतेच्या बोटी शेजारच्या बेलार्ड पिअरला लागत. इथलं ब्रिटानिया हे १९२३ पासूनचं इराणी हॉटेल बेरी पुलावासाठी प्रसिद्ध आहे. महाग आहे, पण एकदा ठीक.

आता माझा आवडता भाग, ज्याला जवळपास फुकट म्हणावं इतका खर्च येतो. दुपारी सीएसएमटीहून हार्बरची लोकल धरा आणि उजव्या खिडकीशी बसा. मशीद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी. गुदामं, जुने रूळ, जहाजतोडणीच्या वखारी, लाकडाचे अड्डे: गोदीचं जग खिडकीतून सरकत जातं. १४ एप्रिल १९४४ ला इथल्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन हे जहाज फुटलं. त्यात कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा एकत्र भरलेल्या होत्या. आग विझवायला गेलेले कितीतरी बंबवाले गेले. देशभर अग्निशमन सप्ताह १४ एप्रिलला सुरू होतो तो त्यामुळेच.

डॉकयार्ड रोडला उतरून टॅक्सीने भाऊच्या धक्क्याला जाता येतं. मोरा आणि रेवसच्या लाँच इथून सुटतात. मांडव्याची रो-रो बोटही इथूनच, तिच्यात गाडीही चढते. अलिबाग करायचं असेल तर रस्त्यापेक्षा ही बोट केव्हाही बरी. फ्लेमिंगो बघायचे असतील तर हिवाळ्यापासून मेपर्यंत ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत बोट जाते. तिच्या वेळा भरतीप्रमाणे बदलतात, आधी विचारून जा.

संध्याकाळी पश्चिम

मरीन ड्राइव्हला सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा, कठड्यावर बसा, पण खालच्या सिमेंटच्या चौपायी ठोकळ्यांवर (टेट्रापॉड) उतरू नका. ओल्या शेवाळावरून पाय गेला की वर काढायला अग्निशमन दल लागतं. उजेड असेपर्यंत ओव्हल मैदानाच्या कडेने एक फेरी मारा. एका बाजूला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको इमारती. हा सगळा पट्टा २०१८ पासून जागतिक वारसा आहे. जुहूला एक संध्याकाळ पुरे. नटांच्या बंगल्यांबद्दल मला काही सांगायचं नाही.

खाणं

वडापाव कुठेही बरा मिळतो, सीएसएमटीसमोरचा आराम त्यातला जुना. दादरला आस्वाद, प्रकाश आणि मामा काणे ही साबुदाणावडा, थालीपीठ, पियूषची ठिकाणं. मिसळीसाठी ठाकूरद्वारचं विनय. मासे खायचे तर दादरचं सिंधुदुर्ग किंवा गोमांतक. थाळी मागवताना माशाचा भाव विचारा, सुरमई-पापलेटचा भाव रोज बदलतो. धोबीतलावचं कयानी १९०४ चं, तिथला ब्रून मस्का आणि चहा चुकवू नका. चौपाटीवर दर न विचारता काही मागवायचं नाही.

काही अडलं तर

पोलीस ११२, रेल्वे १३९, आणि पाणी साचणं वगैरे आपत्तीसाठी महापालिका १९१६. मुलांच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. मोबाइल हरवला तर त्यातला नंबरही हरवतो, म्हणून एक कागदावरही असू द्या.

परतीची गाडी रात्रीची असेल तर ती ठाणे-कल्याणला पकडण्याचा विचार सोडा. संध्याकाळी सामान घेऊन त्या बाजूच्या लोकलमध्ये चढणं अशक्य. दादरला राहत असाल तर उलट्या दिशेच्या लोकलने सीएसएमटीला जा. गाडी तिथूनच सुटते, तासभर आधी पोचलात की डबा शोधायला, पाणी भरायला आणि समोरून चार वडापाव बांधून घ्यायला पुरेसा वेळ मिळतो.